रेल्वेच्या खडखडाटातून संगीत काढणारा इंजिनिअर : पिएर शेफेर

5 ऑक्टोबर 1948. फ्रान्सच्या सरकारी रेडिओवर एक कार्यक्रम लागला. नाव होतं ‘गोंगाटाची मैफल’.

नाव ऐकून कुणालाही ही थट्टा वाटावी. पण कार्यक्रम करणारा माणूस पूर्ण गंभीर होता. पाच छोट्या रचना होत्या. एकीत वाफेची इंजिनं आणि डब्यांचा खडखडाट, एकीत शिट्टी वाजवणारे खेळण्यातले भोवरे, दोन रचना पियानोच्या आवाजाची मोडतोड करून केलेल्या, आणि पाचवीत पातेल्यांची गरगर फिरणारी झाकणं. गायक नाही, वाद्यवृंद नाही, सुरावटीची वही नाही. सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं, कापलेलं आणि पुन्हा जोडलेलं.

आज मोबाइलवर कुणीही एखादा आवाज उचलतो, लूपवर टाकतो, उलटा फिरवतो, खाली-वर करतो आणि त्यावर गाणं बनवतो. डीजे, हिप-हॉप, सिनेमाचं पार्श्वसंगीत, सगळीकडे हेच चालतं. या सगळ्याची मुळं शोधत मागे गेलं की वाट बहुतेक वेळा त्या 1948 च्या कार्यक्रमापाशी येते. तो करणाऱ्याचं नाव पिएर शेफेर. शिक्षणाने इंजिनिअर, नोकरी रेडिओत, आणि म्हातारपणी स्वतःच्याच शोधावरचा विश्वास उडालेला माणूस.

घरात संगीत, पण पोराने इंजिनिअर व्हायचं

शेफेरचा जन्म 14 ऑगस्ट 1910 चा, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या नान्सी शहरातला. वडील व्हायोलिन वाजवायचे, आई गायची. म्हणजे पोरगा गाण्यातच जाणार असं वाटेल. पण कलाकारांच्या घरातच कलेच्या कमाईचा भरवसा सगळ्यात कमी असतो, ही गोष्ट फ्रान्समध्येही तशीच. पिएर पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये गेला. इंजिनिअरिंगसाठी तिथे याहून मानाची जागा नव्हती. पुढे टेलिकॉमचं शिक्षण झालं, स्ट्रासबुर्गला नोकरी लागली आणि 1936 मध्ये तो पॅरिसच्या रेडिओत आला.

रेडिओ हे तेव्हा नवं प्रकरण होतं. बहुतेक इंजिनिअरांच्या लेखी ती एक पाइपलाइन होती: इकडून आवाज आत टाकायचा, तिकडे लोकांच्या घरात पोचवायचा. शेफेरला वाटायचं की मायक्रोफोन एवढंच करत नाही. तो आवाजाला त्याच्या जागेपासून तोडतो. बोलणारा दिसत नाही, फक्त आवाज उरतो, आणि मग त्या आवाजात अशा गोष्टी ऐकू येतात ज्या समोरासमोर कधी लक्षात येत नाहीत. त्याचं पुढचं सगळं आयुष्य या एका निरीक्षणावर उभं आहे.

1940 मध्ये फ्रान्स हरला. पॅरिसमध्ये जर्मन सैन्य आलं. 1942 मध्ये शेफेरने जाक कोपो या ज्येष्ठ रंगकर्मीबरोबर बोन गावात रेडिओवर काम करणाऱ्यांसाठी एक कार्यशाळा घेतली. त्यातून पॅरिसमध्ये ‘स्तुदियो देसे’ सुरू झाला, म्हणजे प्रयोगांसाठीचा स्टुडिओ. कागदोपत्री तिथे रेडिओ-नाट्याचे प्रयोग चालायचे. आत मात्र बंदी असलेल्या कवींचे आवाजही गुपचूप रेकॉर्ड होत होते, मुक्तीच्या दिवसासाठी.

तो दिवस ऑगस्ट 1944 मध्ये आला. पॅरिसमध्ये उठाव सुरू झाला आणि स्वतंत्र फ्रान्सचा आवाज हवेत सोडणाऱ्यांमध्ये शेफेरचा स्टुडिओ आघाडीवर होता. 24 ऑगस्टच्या रात्री दोस्त फौजांची पहिली तुकडी नगरभवनापाशी पोचली. शेफेरने मायक्रोफोनवरून शहरातल्या धर्मगुरूंना आवाहन केलं की चर्चच्या घंटा वाजवा. एकेक करत घंटा वाजू लागल्या, नोत्र दामची मोठी घंटासुद्धा. शहराच्या काही भागांत तेव्हा अजून जर्मन सैनिक होते.

तुटलेली घंटा आणि अडकलेली तबकडी

युद्ध संपलं. 1948 च्या सुरुवातीला शेफेरच्या डोक्यात नुसत्या आवाजांची सिंफनी करायचं वेड शिरलं. तो रेडिओच्या साउंड इफेक्ट विभागात जाऊन जे मिळेल ते उचलू लागला. भोंगे, घंट्या, खुळखुळे, नारळाच्या करवंट्या. ते ठोकून बघायचे, रेकॉर्ड करायचे, परत ऐकायचे. बरेच दिवस हाती काही लागलं नाही. करवंटी वाजवली की घोडा धावल्यासारखंच वाटायचं, भोंगा वाजवला की मोटार आठवायची. आवाज आपल्या मालकाला सोडायला तयार नव्हता.

मग दोन गोष्टी घडल्या.

पहिली घंटेची. घंटेवर टोला पडतो तेव्हा आधी ‘टण्ण’ असा आघात होतो आणि मग लांब घुमत जाणारा नाद. शेफेरने रेकॉर्डिंगमधून तो आघातच वगळला आणि फक्त मागचा नाद ऐकला. ती घंटा राहिली नाही. फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा, ओबोसारखा स्वर यायला लागला. याचा अर्थ असा की एखादं वाद्य आपण ज्यावरून ओळखतो, त्यातला मोठा भाग त्या पहिल्या क्षणभराच्या आघातात असतो. तो काढला की कानाची ओळख पुसली जाते. आज हे ध्वनिशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. शेफेरला ते स्टुडिओत हातानं करून सापडलं.

दुसरी गोष्ट तबकडीची. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शेफेरचं नाव निघालं की लोक टेप कापणारा माणूस डोळ्यासमोर आणतात, पण 1948 मध्ये त्याच्याकडे टेप नव्हतीच. आवाज थेट तबकडीवर कोरला जायचा. तबकडीवरची रेघ आतल्या दिशेला गोल गोल जाते. पण कोरणाऱ्या सुईने तीच रेघ स्वतःला येऊन मिळवली, तर एकच फेरा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. जुनी रेकॉर्ड अडकली की जे होतं तेच, फक्त मुद्दाम केलेलं. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीवर असा एक फेरा म्हणजे जेमतेम पाऊण सेकंद.

पाऊण सेकंदाचा एखादा शब्द पन्नास वेळा ऐकला की काय होतं? अर्थ गळून पडतो. खोकला खोकला राहत नाही, चाकाचा आवाज चाकाचा राहत नाही. उरतो तो ताल, पोत, चढ-उतार. आवाजाला त्याच्या मालकापासून सोडवायची किल्ली शेफेरला इथे मिळाली. आज ज्याला लूप म्हणतात तो हाच.

सहा इंजिनं आणि एक निराशा

मे 1948 मध्ये रेकॉर्डिंगची गाडी घेऊन शेफेर पॅरिसमधल्या बातिन्योल स्टेशनच्या डेपोत पोचला. तिथे सहा वाफेची इंजिनं उभी होती. त्याने चालकांना सांगितलं की एकेकाने शिट्टी द्या, दुसऱ्याने उत्तर द्या, जणू वादकच. चालकांनी हौसेने केलंही. पण स्टुडिओत येऊन ऐकल्यावर शेफेर खट्टू झाला. ठरवून वाजवलेल्या शिट्ट्यांपेक्षा रुळांच्या सांध्यांवरून जाणाऱ्या डब्यांचा साधा खडखडाट जास्त सुरेख होता.

त्यातून तयार झालेली ‘रेल्वेचा अभ्यास’ ही रचना जेमतेम तीन मिनिटांची आहे. शिट्टी, वाफेचे फुत्कार, डब्यांची लय. जिथे आवाज सरळ येतात तिथे गाडी डोळ्यासमोर उभी राहते, जिथे तुकडे पुन्हा पुन्हा वाजतात तिथे गाडी नाहीशी होऊन नुसती लय राहते. शेफेरलाही हे स्वच्छ दिसलं होतं आणि ते खटकलं होतं. त्याला गाडी विसरायला लावायची होती. गंमत म्हणजे ही रचना आजही लोकांना आवडते ती बहुधा त्यात गाडी पूर्ण विसरली जात नाही म्हणूनच.

पातेल्याच्या झाकणांच्या रचनेची कथा तर याहून भारी. स्टुडिओत साशा गित्री या नामवंत नटाच्या आवाजाची एक वाया गेलेली तबकडी पडली होती. रेकॉर्डिंगच्या मध्येच कुणीतरी खोकलं होतं म्हणून ती बाद झालेली. शेफेरने नटाचा आवाज घेतला आणि खोकलाही घेतला. शेजारी झाकणांचा खणखणाट, कालव्यातल्या बोटींचा आवाज, हार्मोनिका आणि पियानो. पियानोच्या दोन्ही रचनांसाठी वाजवणारा होता पिएर बुलेझ, तेव्हा तेवीस वर्षांचा. त्याचं नाव पुढे वेगळ्याच कारणाने येणार आहे.

शेफेरने या प्रकाराला नाव दिलं ‘म्युझिक काँक्रेत’, मूर्त संगीत. नेहमीचा संगीतकार आधी मनात कल्पना करतो, कागदावर उतरवतो आणि शेवटी आवाज ऐकतो. इथे क्रम उलटा होता. आवाज आधी हातात, रचना नंतर.

हे करणारा जगातला पहिला माणूस शेफेरच, असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं. ते बरोबर नाही. कैरोमध्ये हलीम एल-दाब या तरुणाने 1944 मध्येच वायर रेकॉर्डरवर झार नावाच्या विधीतल्या बायकांचं गाणं रेकॉर्ड करून, त्यातले सूर गाळून-घोळून एक रचना केली होती. पण त्याच्यामागे सरकारी रेडिओ नव्हता, स्टुडिओ नव्हता, सिद्धांत लिहिणारा माणूस नव्हता. शेफेरकडे हे तिन्ही होतं, आणि तिसरा तर तो स्वतःच होता.

दुसरा पिएर

1949 मध्ये स्टुडिओत पिएर आंरी आला. वय बावीसच्या आसपास, कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला, उत्तम तालवादक. शेफेर विचार करणारा, आंरी हात चालवणारा. दोघांनी मिळून ‘एकट्या माणसासाठी सिंफनी’ केली. पावलं, श्वास, हसणं, दारावरची थाप, शीळ, कुजबुज, म्हणजे माणसाच्या शरीरातून निघणारे आवाज आणि त्याभोवती पियानो आणि तालवाद्यं. 18 मार्च 1950 ला पॅरिसमध्ये तिचा जाहीर प्रयोग झाला. रंगमंचावर वादक नव्हते, लाउडस्पीकर होते. 1955 मध्ये मोरिस बेजारने तिच्यावर नृत्य बसवलं आणि ही सिंफनी मैफलीबाहेरच्या लोकांपर्यंत पोचली.

टेप स्टुडिओत आली 1951 च्या सुमाराला, आणि काम एकदम बदललं. तबकडी कापता येत नाही, टेप ब्लेडने कापता येते. तिरकी कापली की आवाज हळूच उमटतो, सरळ कापली की धाडकन. उलटी लावली की घंटेचा नाद आधी फुगत येतो आणि टोला शेवटी पडतो. वेग दुप्पट केला की आवाज एक सप्तक वर जातो आणि कालावधी निम्मा होतो. जाक पुलँ या इंजिनिअरने शेफेरसाठी ‘फोनोजेन’ नावाचं यंत्र बनवलं. त्याला बारा पट्ट्या होत्या. टेपचा एक तुकडा लावायचा आणि पट्टी दाबेल तसा तो वेगवेगळ्या वेगाने, म्हणजे वेगवेगळ्या स्वरात वाजायचा. कीबोर्डवर कुत्र्याचं भुंकणं वाजवणारे सॅम्पलर ज्यांनी ऐकलेत, त्यांना हे यंत्र लगेच कळेल.

जर्मनीत हुर्यो

त्या काळात पॅरिसचा स्टुडिओ म्हणजे तीर्थक्षेत्र होतं. ओलिव्हिए मेसियां येऊन गेला, बुलेझने दोन रचना केल्या, 1952 मध्ये तरुण श्टॉकहाउझेनने तिथे टेप कापली. पण यातले बहुतेक जण फार दिवस राहिले नाहीत. तिकडे जर्मनीत कोलोनच्या रेडिओत दुसरा स्टुडिओ उभा राहत होता. तिथल्या लोकांचं म्हणणं असं की बाहेरचे आवाज गोळा करणं हौशी काम आहे, आवाज शुद्ध विजेपासून, गणिताने तयार करावा. एकीकडे मूर्त संगीत, दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक संगीत. युद्धाला जेमतेम काही वर्षं झालेली, त्यामुळे फ्रेंच आणि जर्मन स्टुडिओंच्या या भांडणात संगीतापलीकडचंही बरंच होतं.

ऑक्टोबर 1953 मध्ये शेफेर आणि आंरी आपला ऑपेरा ‘ऑर्फे 53’ घेऊन जर्मनीतल्या डोनाउएशिंगनच्या महोत्सवात गेले. नव्या संगीताचा तिथला श्रोता जाणकार समजला जायचा. त्याच श्रोत्यांनी हुर्यो उडवली. टेपवरच्या आवाजांशेजारी जिवंत गायक आणि हार्पसिकॉर्ड ठेवणं कुणालाच पचलं नाही. परंपरावाद्यांना तो गोंगाट वाटला आणि आधुनिकांना ती भेसळ वाटली. शेफेरने ही जखम बरीच वर्षं बाळगली. वर्षभराने, 2 डिसेंबर 1954 ला, एडगार वारेझच्या ‘देझेर’ या रचनेवर पॅरिसमध्येही असाच दंगा झाला. तिचे टेपचे भाग शेफेरच्याच स्टुडिओत पुरे झाले होते.

बुलेझची बात तर आणखी कडू. ज्याने 1948 मध्ये शेफेरसाठी पियानो वाजवला होता, त्यानेच पुढे मूर्त संगीताची लेखी खिल्ली उडवली. त्याच्या मते आवाज गोळा करणाऱ्यांकडे रचनेची अक्कल नव्हती. टीका बोचरी होती आणि पूर्ण खोटीही नव्हती, म्हणूनच ती शेफेरला लागली असणार.

1953 ते 1957 शेफेर फ्रान्सच्या परदेशी वसाहतींमधल्या रेडिओचं काम बघत होता. आफ्रिकेत केंद्रं उभी करणं, स्थानिक लोकांना प्रशिक्षण देणं. स्टुडिओ आंरीच्या हातात होता. शेफेर परतला तेव्हा त्याला स्टुडिओ शिस्तीत, संशोधन संस्थेसारखा हवा होता. आंरीला संगीत करायचं होतं. 1958 मध्ये आंरी बाहेर पडला आणि त्याने स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्याच वर्षी शेफेरने जुन्या गटाची मोडणी करून ‘ग्रूप द रशेर्श म्युझिकाल’, म्हणजे संगीत संशोधन गट उभा केला.

डोळे मिटून ऐका

इथून पुढे शेफेर संगीतकार कमी आणि सिद्धांतकार जास्त. 1966 मध्ये त्याचा जवळजवळ सातशे पानांचा ग्रंथ आला, ‘संगीतवस्तूंविषयी’. वाचायला जड आहे, यात वाद नाही. पण त्यातला मुख्य विचार सोपा आहे.

असं म्हणतात की पायथागोरस काही शिष्यांना पडद्याआडून शिकवायचा. शिष्यांना गुरू दिसायचा नाही, फक्त आवाज ऐकू यायचा. शेफेर म्हणतो की रेडिओ आणि लाउडस्पीकर हा आधुनिक पडदा आहे. आवाज ऐकला की आपण लगेच विचारतो, हा कशाचा आहे? किंवा, याचा अर्थ काय? हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवून आवाज नुसता आवाज म्हणून ऐकायचा: तो खरखरीत आहे की गुळगुळीत, कसा सुरू होतो, कसा विरतो, आत थरथर आहे का. या ऐकण्याला त्याने ‘संक्षिप्त श्रवण’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि असं ऐकल्यावर जे हाती लागतं त्याला ‘ध्वनिवस्तू’. मग जगातल्या सगळ्या आवाजांचं त्या गुणांवरून वर्गीकरण करायला घेतलं. वनस्पतिशास्त्रज्ञ पानाफुलांचं करतो तसं.

गटातल्या सगळ्यांना ही शिस्त मानवली नाही. यानिस झेनाकिस आला, जळत्या कोळशाच्या तडतडीतून एक रचना करून गेला आणि पुढे गट सोडून गेला. ल्युक फेरारी तर उलट दिशेलाच निघाला. त्याला बाहेरचे आवाज ओळखू येतील असेच हवे होते. 1970 मध्ये पुरी झालेल्या त्याच्या एका रचनेत तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या कोळ्यांच्या गावातली पहाट आहे, बोटी, माणसं, किडे, आणि बाकी जवळजवळ काही नाही. आज ज्याला फील्ड रेकॉर्डिंग म्हणतात त्याचे अनेक चाहते शेफेरपेक्षा फेरारीला जवळचा मानतात.

दरम्यान 1960 पासून शेफेर फ्रेंच टीव्हीच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. या विभागाने काढलेली सगळ्यात गाजलेली गोष्ट संगीताची नाहीच. 29 एप्रिल 1968 ला ‘शादोक’ नावाची व्यंगचित्र मालिका सुरू झाली. बिनडोक पक्ष्यांसारखे प्राणी आणि त्यांचं अखंड पंप मारणं. अख्खा देश तिच्यावरून दोन गटांत भांडला. शेफेरचं नाव न ऐकलेल्या फ्रेंच माणसालाही शादोक माहीत असतात.

1968 पासून तो पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवूही लागला. त्याच सुमाराला गटात एक पोरगा आला, ज्याँ-मिशेल जार. त्याचा ‘ऑक्सिजेन’ हा अल्बम 1976 मध्ये आला आणि जगभर खपला. जार गुरूचं ऋण कायम मानत आला. गुरूला असल्या संगीताबद्दल किती प्रेम होतं, हा वेगळा प्रश्न.

स्वतःच्याच शोधावर फुली

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात शेफेर मुलाखती देत होता आणि ऐकणारे चक्रावत होते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की एवढी वर्षं खपून आपण संगीतापर्यंत पोचलोच नाही. आवाजांची कला तयार झाली असेल, पण सा-रे-ग-म च्या बाहेर खरं संगीत होत नाही, आणि नवीन काही शोधण्यापेक्षा बाखकडे परत जावं. ज्या लोकांनी त्याच्यामुळे या क्षेत्रात पाऊल टाकलं होतं, त्यांना हे पचवणं सोपं नव्हतं. त्याच वेळी न्यूयॉर्कमधली पोरं दोन टर्नटेबलांवर तबकडीचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून नवं संगीत काढत होती. तंत्र जवळजवळ 1948 चंच.

हे नुसतं म्हाताऱ्याचं कुरकुरणं मानून सोडून देणारे आहेत. तसं करणं त्याच्यावर अन्याय आहे. शंका त्याच्या कामात पहिल्या दिवसापासून होती. बातिन्योलहून परतल्यावर निराश होणारा आणि रेल्वे विसरली जात नाही म्हणून खट्टू होणारा माणूस तोच होता. फक्त तेव्हा तो सदतीसचा होता आणि दुसऱ्या दिवशी परत स्टुडिओत जायचा.

1979 मधल्या ‘बिल्युद’ या छोट्या रचनेत त्याने हे भांडण वाजवूनच दाखवलं. पियानोवर बाखचं प्रील्युड सुरू असतं आणि मध्येच पियानो थांबून टेपवरचे आवाज तीच ओळ पुढे नेतात, मग पुन्हा पियानो. ती गंमतशीर आहे आणि ऐकताना हसू येतं. गंभीर ग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाची सुरुवात कुणाला ऐकवायची असेल तर ‘रेल्वेचा अभ्यास’ आणि ‘बिल्युद’ या दोनच रचना पुरतात. दोन्ही मिळून एका चहाचा वेळ.

शेवटची वर्षं अल्झायमरमध्ये गेली. 19 ऑगस्ट 1995 ला, पंच्याऐंशी पूर्ण करून पाचच दिवसांनी, एक्स-आं-प्रोव्हान्सजवळ त्याचं निधन झालं. त्याने उभा केलेला संशोधन गट मात्र बंद पडला नाही. 1975 पासून तो फ्रान्सच्या दृक्-श्राव्य संस्थेचा भाग आहे, आणि त्याच्या मैफलींत आजही रंगमंचावर वादकांच्या जागी डझनावारी लाउडस्पीकर मांडलेले असतात.